पंधरा वर्षांची रेघ

पोस्ट थोडी मोठी आहे, वेळ काढून वाचा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाची एक छोटीशी बातमी आली होती. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या, नियमित उत्पन्न नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मिळणारी मदत महिना ४,००० रुपयांवरून ८,००० रुपये केली. १ नोव्हेंबरपासूनच्या अर्जांना नवा दर. बातमी आली तशी गेली. आमच्या पूर्णा गावात नाक्यावर मी ती मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा चहावाल्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न : "पेन्शन नसलेला फौजी? असतो का असा?"

असतो. बऱ्यापैकी संख्येने असतो. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा असे आत या आणि कुठल्याही गोदामाच्या गेटवर खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा. मुंबईची जकात चुकवायला व्यापाऱ्यांनी इथे माल साठवायला सुरुवात केली, भाताची शेतं गेली, पत्र्याची गोदामं उभी राहिली. जकात २०१७ साली गेली, गोदामं वाढतच राहिली. गोदाम आलं की वॉचमन आला, आणि मालकाला वॉचमन म्हणून फौजी हवा असतो. तो दारू कमी पितो आणि रजिस्टर नीट लिहितो, हा सार्वत्रिक समज. (पहिल्या अर्ध्याबद्दल माझी खात्री नाही.)

पेन्शन असलेला फौजी पन्नाशीत असा गेटवर दिसला तर ते समजू शकतो. पोरांची शिक्षणं असतात, हप्ते असतात. पण पंचाहत्तरीचा माणूस रात्रपाळी का करतो? याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

आधी आपल्याच अंगणातलं. पूर्णा गावाच्या शेजारी अंजूर आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, जी १७३९ मध्ये संपली, या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी मोठं काम केलं हे आमच्याकडच्या पोराटोरांनाही माहीत असतं. त्या काळी लढणाऱ्याच्या म्हातारपणाची सोय म्हणजे जमीन. वतन, इनाम. रोख रक्कम महिन्याच्या महिन्याला हातात, असा प्रकार नाही. जमीन घराला मिळायची आणि म्हाताऱ्याला घर सांभाळायचं. कोण भाकरी देतो, कोण अंघोळ घालतो, हे सरकारने विचारायचं कारण नव्हतं.

त्याही आधी शिवाजी महाराजांच्या वेळचा एक पायंडा सभासदाच्या बखरीत नोंदलेला आहे. अफजलखानाच्या प्रसंगानंतर जे पडले त्यांच्या मुलांना चालवायचं ठरलं. ज्यांना मुलगा नाही त्यांच्या बायकोला निम्मं वेतन. जखमींना जखमेप्रमाणे होन. पेशवाईत पडलेल्या शिपायाच्या लहान मुलांसाठी 'बालपरवेशी' हा शब्दच दप्तरात रूढ झाला होता. हे सगळं सरसकट होतं असं समजू नका. इनाम सरदाराला, शिलेदाराला लवकर पोचायचं. बारगिराच्या झोपडीपर्यंत किती पोचलं हा वेगळा विषय. पण तत्त्व बघा. माणूस पडला किंवा जखमी झाला की हक्क सुरू. किती वर्षं नोकरी केली हा पहिला प्रश्न नव्हता.

कंपनी सरकार आलं आणि प्रश्न उलटा झाला. कंपनीची फौज म्हणजे नोकरी. नोकरी म्हटलं की वर्षं मोजायची, डॉक्टरांच्या मंडळापुढे उभं राहायचं, 'निकामी' असा शिक्का घ्यायचा आणि मग पेन्शन. त्याचं नावच इनव्हॅलिड पेन्शन. दिवस कितीही कठीण असले तरी ही रोख पेन्शन कोकणातल्या घरांना वरदान वाटली, कारण जमीन नसलेल्याला पहिल्यांदाच म्हातारपणी स्वतःचे पैसे मिळायला लागले. ही गोष्ट आपल्याकडच्या इतिहासात फार कमी सांगितली जाते.

दापोलीचं उदाहरण घ्या. तिथे १८१८ नंतर इंग्रजांचं लष्करी ठाणं होतं. पुढे नेहमीची फौज हलवली तरी थकलेल्या शिपायांची 'व्हेटरन बटालियन' काही काळ तिथेच ठेवली होती. हलकं काम, थोडा पगार. गावाला आजही 'कॅम्प दापोली' म्हणतात. तिथे पेन्शनर सैनिकांची वस्ती वाढली, त्यात महार समाजातले अनेक. सुभेदार रामजी सकपाळ फौजेतून निवृत्त झाल्यावर काही काळ कुटुंब घेऊन तिथेच राहिले. बाबासाहेबांचं अगदी लहानपण तिथलं. म्हणजे ज्या घरातून आपली राज्यघटना लिहिणारा माणूस आला, त्या घराच्या मागे एका सुभेदाराची पेन्शन उभी होती.

आणि १८९०च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. 'लढाऊ जमाती' नावाचा त्यांचा सिद्धांत. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज केला, तो आपण सामाजिक इतिहास म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. भरती बंद म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनी त्या वस्तीत येणारी पेन्शन बंद. एका पिढीची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर तिचं म्हातारपणही गेलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली, १९२१ साली मोडली. चार वर्षांची नोकरी, पेन्शनचा प्रश्नच नाही. पुन्हा गरज लागली १९४१ मध्ये, तेव्हा बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. गरज असेल तेव्हा घ्या, संपली की सोडा, हा प्रकार नवा नाही एवढंच सांगायचं आहे.

पहिल्या महायुद्धानंतर लाखो माणसं घरी परत आली. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या एका गावातले ४६ जण परत आलेच नाहीत. त्याचा दगड गावात आहे. जे परतले त्यांचं काय करायचं म्हणून १९१९ साली इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड ते हेच, आणि जिल्ह्याजिल्ह्यातली सैनिक कल्याण कार्यालयं हा त्याच झाडाचा विस्तार. ठाण्यातलं कार्यालयही.

दुसऱ्या महायुद्धात आकडा २५ लाखांच्या घरात गेला. मराठा पलटणी केरेनला लढल्या, इटलीत लढल्या. माणगावजवळचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर लढले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. ही नावं आपण पाठ करतो. पण त्यांच्या आजूबाजूला खंदकात जे होते त्यांचं काय झालं? युद्ध संपल्यावर त्यातल्या बहुतेकांना ग्रॅच्युइटी, प्रवासाचा पास आणि डिस्चार्ज बुक देऊन घरी पाठवलं. पाच वर्षं, सहा वर्षं, फार तर सात वर्षं नोकरी. पेन्शनला लागतात पंधरा. पुढे कितीतरी वर्षांनी महाराष्ट्र शासनाने दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि विधवांना दरमहा अनुदान सुरू केलं, ते वेळोवेळी वाढवलंही. चांगलं केलं. पण त्याला अनुदान म्हणतात, पेन्शन म्हणत नाहीत. पेन्शन मागता येते. अनुदानासाठी अर्ज करावा लागतो.

गंमत म्हणजे याच इटलीत खांद्याला खांदा लावून लढलेल्या गुरख्यांसाठी १९६९ साली ब्रिटनमध्ये गुरखा वेल्फेअर ट्रस्ट उभा राहिला आणि बिनपेन्शनचे सोडून दिलेले म्हातारे गुरखे नेपाळच्या डोंगरात शोधून शोधून तो त्यांना पैसे पोचवू लागला. तोही हक्क नव्हताच. पण निदान म्हाताऱ्याला शोधत माणूस जायचा.

आता ही पंधरा वर्षांची रेघ. जवानाला पेन्शन हवी तर किमान पंधरा वर्षं पात्र सेवा, अधिकाऱ्याला वीस. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवानाची भरतीच अशी असायची की साधारण सात वर्षं प्रत्यक्ष पलटणीत आणि आठ वर्षं राखीव यादीत. दोन्ही मिळून पंधरा भरले तर राखीव सैनिकाची छोटी पेन्शन. मध्येच सुटला तर ग्रॅच्युइटी घ्या आणि चालू लागा. ६२, ६५, ७१ या तिन्ही लढाया लढलेली पिढी या पद्धतीतली आहे, हे लक्षात ठेवा.

आमच्या इथे एका गोदामावर असे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना मेजर म्हणतात. ते साधे शिपाई होते, पण गावाकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. १९६७ साली बेळगावला भरती, ७१ला पूर्वेच्या आघाडीवर, ७७ साली वडील वारले म्हणून घरगुती कारणावरून स्वतःच्या विनंतीने सुटका. दहा वर्षं. पाच वर्षं कमी पडली. "तवा कोण पेन्शनीचा इचार करतंय? घरी दोन भाऊ बारके, बैलं इकायला काढलेली," एवढंच ते सांगतात. मग गाव सुटलं, भिवंडीत आधी लूमवर, मग गोदामावर. आज वय ७६. बायकोला तीन वर्षांपूर्वी लकवा झाला, ती अंथरुणावर. दिवसा ते तिचं सगळं करतात आणि रात्री गेटवर बसतात. झोपतात कधी, हे मी त्यांना विचारलं नाही.

त्यांना ती ४,००० रुपयांची मदत माहीतच नव्हती. कळलं तेव्हा डिस्चार्ज बुक २००५च्या जुलैच्या पुरात भिजून लगदा झालेलं. एका कार्यालयात त्यांना सांगितलं, "पुस्तक नाही तर तुम्ही सैनिक कशावरून?" माणूस काही बोलला नाही. बाहेर येऊन मला म्हणाला, "नंबर इचारला असता तर सांगितला असता. झोपेत बी सांगतो." मग पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार. अकरा महिने. नंतर मदत सुरू झाली.

त्यांच्या हिशेबाने बघू. पंगू झालेल्या माणसाला सांभाळायला बारा तासांची बाई ठेवायची तर आमच्याकडे महिना पंधरा ते वीस हजार मागतात. डायपर, औषधं वेगळी. ८,००० म्हणजे त्या बाईचा जेमतेम निम्मा पगार. पण ४,००० पेक्षा दुप्पट, हेही खरंच. वाढ झाली याचं स्वागत, त्यात मला कुजकटपणा करायचा नाही.

मला खटकतं ते हे पैसे येतात कुठून ते. ही मदत सरकारच्या पेन्शनच्या तरतुदीतून येत नाही. ती येते रक्षामंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून, आणि त्या निधीला पैसा पुरवतो सशस्त्र सेना ध्वजदिन निधी. म्हणजे १९४९ पासून दर ७ डिसेंबरला शाळेत आपण जे छोटे झेंडे शर्टाला टोचून घेतले, कलेक्टर ऑफिसने ज्याचं उद्दिष्ट तलाठ्यापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळ्यांना वाटून दिलं, ते. देशाच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण पेन्शनला १ लाख ६० हजार कोटींहून जास्त रक्कम आहे. ही मदत, मुलांच्या शिक्षणाची मदत आणि मुलीच्या लग्नाची मदत, या तिन्हींची वाढ मिळून वर्षाला साधारण २५७ कोटी. रेघेच्या वर असलेल्याला तिजोरी. रेघेच्या खाली असलेल्याला वर्गणी.

आणि रेघेच्या वरचे तरी सुखात आहेत का? तिथे बऱ्याच गोष्टी झाल्या. १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आली. पॉलिक्लिनिक, नेमलेली हॉस्पिटलं, औषधं. ती मुळात पेन्शनरांसाठी. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना तिचं दार मार्च २०१९ मध्ये उघडलं. युद्ध संपल्याला तेव्हा ७४ वर्षं होत आली होती, किती जण कार्ड काढायला उरले असतील ते तुम्हीच ठरवा. वन रँक वन पेन्शनचा आदेश ७ नोव्हेंबर २०१५ रोजी निघाला, लागू १ जुलै २०१४ पासून. जंतरमंतरवर म्हातारे बसले तेव्हा कुठे. तोही फायदा अर्थातच पेन्शन असलेल्यांना. राज्याने २०२० साली माजी सैनिकांच्या घरपट्टीला माफीची योजना आणली, पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला घरपट्टी माफ करून काय उपयोग?

सहाव्या वेतन आयोगाने मात्र एक शहाणी गोष्ट केली, तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. वय वाढलं की पेन्शन वाढते. ८० व्या वर्षी २० टक्के जास्त, ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५०, आणि शंभरी गाठली तर दुप्पट. म्हातारपण महाग असतं हे सरकारने कागदावर मान्य केलं. तुमच्या घरात ऐंशी ओलांडलेले पेन्शनर असतील तर बँकेने जन्मतारीख नीट लावली आहे का, ही वाढ सुरू झाली आहे का, ते आज तपासा. कुटुंब पेन्शन घेणाऱ्या आजींनाही ती लागू आहे.

तरीही सुश्रूषा हा शब्द या सगळ्यात जवळपास नाहीच. हॉस्पिटल आहे, औषध आहे. पण घरी राहून रोज आंघोळ घालणाऱ्या, कूस बदलणाऱ्या माणसाचा खर्च? लष्कराच्या नियमांत 'सतत सोबती भत्ता' नावाची गोष्ट आहे खरी, पण ती नोकरीमुळे शंभर टक्के अपंगत्व आलेल्यांना. गोळीने पाय गेला तर मदतनीस मंजूर. म्हातारपणाने पाय गेले तर मुलगा-सून बघतील. इनामाच्या काळातला हिशेब अजून चालू आहे, फक्त इनाम गेलंय आणि सून सकाळी सातच्या बसने कामाला जाते.

अमेरिकेत 'एड अँड अटेंडन्स' नावाचा भत्ता आहे. ज्या म्हाताऱ्या सैनिकाला अंघोळ, कपडे, जेवण यांसाठी दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्या पेन्शनवर जादा रक्कम, विधवेलाही. त्यातून घरी बाई ठेवा किंवा वृद्धाश्रमाचं बिल भरा. उत्पन्न-मालमत्तेची अट आहे, कागदपत्रांचा त्रास तिकडेही भरपूर आहे. पण महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम या पिढ्यांसाठी सेवेची अट किती? ९० दिवस, त्यातला निदान एक दिवस युद्धकाळातला. ती श्रीमंत माणसं आहेत, आपण त्यांची बरोबरी करू शकत नाही, हे मला कळतं. रक्कम त्यांच्याइतकी नको. पण रेघ कुठे मारायची हे पैशावर ठरत नाही. मेजर ७१ साली सीमेपलीकडे होते. तिकडे तेवढं पुरलं असतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आणखी एक. जून २०२२ मध्ये अग्निपथ आली. चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही, आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. सैन्य तरुण ठेवायची गरज आहे, हा युक्तिवाद मी समजू शकतो, त्यावर तज्ज्ञांनी भांडावं. मी फक्त वजाबाकी करतो. पहिल्या तुकडीची पोरं २०६५ च्या पुढेमागे पासष्टीची होतील. मेजरना पेन्शन नव्हती पण 'माजी सैनिक' हा दर्जा होता, म्हणून निदान वर्गणीतले ८,००० तरी मिळाले. या पोरांकडे अर्जाचा तो रकानाच नसेल. तेव्हाही भिवंडीत गोदामं असतील असं धरून चालायला हरकत नाही.

हा दर्जा कोणाला लागतो हे फौजेतून बाहेर पडल्याच्या तारखेप्रमाणे बदलतं, म्हणून घरबसल्या "आपल्याला काही मिळत नाही" असं ठरवू नका. तुमच्या गोदामावर, सोसायटीच्या गेटवर, बँकेच्या दारात कोणी जुने फौजी असतील तर त्यांना तीन गोष्टी विचारा. डिस्चार्ज बुक आहे का? पेन्शन मिळते का? वय ६५च्या वर आहे का? पेन्शन नाही, वय बसतंय आणि हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा, तर त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. डिस्चार्ज बुक, आधार, बँक पासबुक, फोटो आणि उत्पन्नाचा कागद बरोबर ठेवा, बाकी काय लागतं ते तिथे सांगतील. पुस्तक हरवलं असेल तर नंबर, पलटण आणि भरतीचं साल कागदावर लिहून घ्या, त्यावरून रेकॉर्ड ऑफिसला शोधता येतं. आणि शक्यतो स्वतः बरोबर जा. म्हातारा एकटा गेला की त्याला "उद्या या" म्हणतात.

फौजी वारले असतील आणि त्यांच्या पत्नी हयात असतील तर त्यांनाही विचारा. बऱ्याच आजींना नवऱ्याची पलटणसुद्धा माहीत नसते, पण ट्रंकेत तळाशी कागद असतो. ट्रंक उघडायला लावा.